पत्रकारितेच्या इंटर्नशिपचे श्रेयांक कसे मिळवावेत: दुसऱ्या सत्रातील विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही एम. ए. पत्रकारितेच्या दुसऱ्या सत्रात आहात आणि या सत्रात चार श्रेयांकांचे (क्रेडिटचे) कार्यप्रशिक्षण, म्हणजे ज्याला सगळे ओजेटी म्हणतात ते, पूर्ण करायचे आहे. तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एका दैनिकाच्या कार्यालयाचे प्रमुख तुम्हाला घ्यायला तयार आहेत; मात्र ते म्हणतात, ‘उद्यापासून या, काम शिका, लेखी काही मिळणार नाही.’ विभागाने सांगितले आहे की प्रमाणपत्र आणा. प्रवेश घेण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात तुम्ही त्याच कार्यालयात दोन महिने काम केले होते, काही बातम्या नावासह छापूनही आल्या होत्या. ते काम धरता येईल का, आणि येत नसेल तर लेखी काहीच न देणाऱ्या कार्यालयात जावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी बरीच वर्षे एका दैनिकाच्या संपादकीय विभागात काढली आणि आता पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांच्या कार्यप्रशिक्षणाचे समन्वयन करतो, त्यामुळे या व्यवहाराच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. जुने काम बहुधा धरले जाणार नाही. त्या कार्यालयात जरूर जा, पण पहिल्या दिवसाच्या आधी तीन गोष्टी कागदावर आणा. मात्र त्याआधी प्रश्न थोडा वेगळा मांडतो, कारण तुमचे आणि विभागाचे लक्ष प्रमाणपत्रावर आहे आणि खरी अडचण तिथे नाही. त्या कार्यालयात तुमची कॉपी, म्हणजे तुम्ही लिहून दिलेली बातमी, कोण वाचणार आणि ती का बदलली हे तुम्हाला कोण सांगणार, हे अजून ठरलेले नाही. ते ठरले तर प्रमाणपत्र सहज मिळते. ते ठरले नाही तर प्रमाणपत्र हातात असूनही विभागाकडे मूल्यमापन करण्यासारखे काही उरत नाही.

आधी हिशेब समजून घ्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात लागू झालेल्या आराखड्यात दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम ८८ श्रेयांकांचा, म्हणजे प्रत्येक सत्र २२ श्रेयांकांचे आहे. त्यातील दुसऱ्या सत्राचे चार श्रेयांक कार्यप्रशिक्षणाचे किंवा क्षेत्रीय प्रकल्पाचे असतात. वर्गातील व्याख्यानाचा एक श्रेयांक १५ तासांचा, तर कामातून शिकण्याचा एक श्रेयांक ३० तासांचा; त्यामुळे चार श्रेयांकांसाठी १२० तास. पहिल्या वर्षाचे ४४ श्रेयांक पुरे करून बाहेर पडणाऱ्याला पदव्युत्तर पदविका मिळते, तेव्हा हे चार श्रेयांक अडले तर तो मार्गही अडतो. ज्या गोष्टी विद्यापीठागणिक आणि स्वायत्त महाविद्यालयागणिक बदलतात त्या अशा: अंतर्गत आणि बाह्य गुणांची विभागणी, अहवाल लिहिण्याचे तास १२० मध्ये धरायचे की नाही, प्रशिक्षण सुट्टीत करायचे की सत्र चालू असताना, आणि कोणत्या प्रकारची संस्था मान्य होते. या चार प्रश्नांची उत्तरे तुमच्या विभागाच्या परिपत्रकातून काढा. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या आठवणीवर विसंबू नका. नियम वर्षागणिक सुधारले जात आहेत.

आता गेल्या उन्हाळ्याच्या कामाविषयी. तुमची नाराजी मला समजते. दोन महिन्यांत तुम्ही १२० पेक्षा अधिक तास नक्कीच दिले असतील आणि छापून आलेली कात्रणे तुमच्याजवळ आहेत. परंतु श्रेयांक मिळतो तो अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, विभागाच्या देखरेखीखाली घेतलेल्या शिक्षणाला. त्या वेळी तुम्ही विभागाच्या विद्यार्थिनीच नव्हतात, तुमच्यासाठी कोणी मार्गदर्शक नेमलेला नव्हता आणि काय शिकायचे हे आधी ठरलेले नव्हते. कात्रणांवरून तुम्ही काम केले हे सिद्ध होते. पहिल्या बातमीपासून शेवटच्या बातमीपर्यंत तुमच्यात काय बदलले हे त्यांतून कळत नाही, कारण छापील बातमीत तुमचे किती आणि उपसंपादकाचे किती हे दिसतच नाही. जुन्या तारखांऐवजी नव्या तारखांचे पत्र घ्या, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो अजिबात ऐकू नका. घटनेची तारीख आणि स्थळ अचूक नोंदवणे हा या व्यवसायाचा पाया आहे, आणि तुमच्या नावावरचा पहिला अधिकृत कागदच खोट्या तारखेचा असावा हे मला कोणत्याही कारणासाठी मान्य होणार नाही. त्या जुन्या कामाचा खरा उपयोग निराळा आहे. कार्यालय तुम्हाला ओळखते, त्यामुळे या खेपेला तुम्ही नवख्या म्हणून दारात उभ्या राहणार नाही आणि काय शिकायचे ते मागून घेऊ शकाल.

कार्यालयप्रमुख लेखी द्यायला का कचरतात, याचाही विचार करा. बहुतेक वेळा त्यात वाईट हेतू नसतो. जिल्हा कार्यालयाच्या प्रमुखाला संस्थेच्या वतीने पत्र देण्याचा अधिकारच नसतो; तो मुख्य कार्यालयातील मनुष्यबळ विभागाकडे किंवा निवासी संपादकांकडे असतो. शिवाय अशा पत्राच्या आधारे पुढे कोणी नोकरीवर हक्क सांगेल अशी धास्ती असते. म्हणून पत्र त्यांच्याकडे मागू नका, विभागाकडून न्या. मी विद्यार्थ्यांना एका पानाचे पत्र देतो. त्यात हे प्रशिक्षण अभ्यासक्रमाचा भाग आहे, यातून नोकरीचा कोणताही दावा निर्माण होत नाही, कालावधी आणि एकूण तास इतके आहेत आणि विभागातर्फे मार्गदर्शक अमुक आहेत, एवढे स्पष्ट लिहिलेले असते. आणि कार्यालयातील मार्गदर्शकाच्या नावासाठी एक ओळ कोरी ठेवलेली असते. कार्यालयाने ती ओळ भरून, सही करून प्रत परत करायची. हेच पत्र ईमेलने मुख्य कार्यालयाला पाठवले की प्रमुखांवरचा भार उतरतो. नकार देणारे बरेच प्रमुख या पद्धतीने तयार होतात, असा माझा अनुभव आहे, कारण त्यांना स्वतःहून काही लिहायचे नसते.

वर ज्या तीन गोष्टी म्हटल्या त्यांतली पहिली म्हणजे हे पत्र. दुसरी म्हणजे त्या कोऱ्या ओळीतील नाव, आणि माझ्या मते सगळे काही या नावावर अवलंबून आहे. कार्यालयप्रमुखांचे नाव घालण्याचा मोह टाळा. ते दिवसभर बैठका, फोन आणि वितरणाच्या तक्रारी यांत गुंतलेले असतात आणि शेवटच्या दिवशी तुमची नोंदवही न वाचताच सही करतील. ज्याच्या टेबलावरून तुमची कॉपी पानावर जाते, तो उपसंपादक किंवा मुख्य बातमीदार मार्गदर्शक म्हणून मागा. त्याच्याकडे पाने छपाईला सोडण्याच्या घाईत तुमच्यासाठी वेळ नसेल हे खरे आहे; म्हणून रात्री काही विचारू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी, काम सुरू होण्याआधीची पंधरा मिनिटे मागा, आणि ती आठवड्यातून दोनदा मिळाली तरी पुष्कळ झाले.

त्या पंधरा मिनिटांत काय घडायला हवे, ते एका उदाहरणाने सांगतो, कारण हाच या प्रशिक्षणाचा गाभा आहे. नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेची बातमी तुम्ही आणली असे समजा. नवे विद्यार्थी ती हमखास अशी लिहितात: सभा अमुक तारखेला नगराध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली पार पडली, व्यासपीठावर अमुक उपस्थित होते, विषयपत्रिकेवर इतके विषय होते. पाणीपट्टी वाढवण्याचा ठराव चौथ्या परिच्छेदात येतो, आणि कोणत्या नगरसेवकांनी विरोध नोंदवला हे येतच नाही. उपसंपादक चौथा परिच्छेद वर घेतो, व्यासपीठ काढून टाकतो, वाढ किती आणि कधीपासून हे विचारायला तुम्हाला मुख्याधिकाऱ्यांना फोन करायला लावतो आणि मथळा देतो. दुसऱ्या दिवशी अंकात जे दिसते ते चांगले असते, पण त्याने तसे का केले हे तुम्ही विचारले नाहीत तर पुढच्या सभेची बातमीही पुन्हा अध्यक्षतेपासूनच सुरू होईल. विचारलेत, तर वाचकाच्या खिशाशी ज्याचा संबंध आहे ते आधी, हा निकष तुम्हाला कळतो; आणि कधी कधी हेही कळते की तुमचा परिच्छेद केवळ जाहिरात वाढल्यामुळे कापला गेला, त्यात तुमची चूक नव्हती. हे दोन्ही समजणे म्हणजेच ते चार श्रेयांक.

म्हणून तिसरी गोष्ट म्हणजे नोंदवही, आणि ती पहिल्या दिवसापासून. तारीख, आल्या-गेल्याची वेळ, कोणी कोणते काम दिले, काय लिहून दिले, त्यातले काय छापले, काय बदलले आणि का. शेवटचे दोन रकाने रिकामे असतील तर ती नुसती हजेरी होते. प्रत्येक बातमीची तुम्ही दिलेली मूळ प्रत आणि छापून आलेली प्रत एकत्र ठेवा. मूळ प्रत संगणकावर दुसऱ्याच्या हातून बदलली जाते आणि मग सापडत नाही, त्यामुळे पाठवण्याआधी ती स्वतःच्या ईमेलवर टाका. न छापलेल्या बातम्याही ठेवा. मी तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला सर्वांत आधी न छापलेल्या बातमीविषयीच विचारतो, आणि ती का छापली नाही हे ज्याला नीट सांगता येते त्याचे प्रशिक्षण चांगले झाले आहे, हे बहुधा लगेच उमगते. नोंदवहीवर दर आठवड्याला मार्गदर्शकाची सही घ्या. महिन्याच्या शेवटी एकदम घेतलेल्या सह्यांना काही अर्थ नसतो.

१२० तासांची मांडणी कशी करावी हे तुमच्या वेळापत्रकावर ठरेल. दैनिकाचे काम दुपारी सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत चालते आणि तुमचे वर्ग सकाळी असतात, तेव्हा रोज चार तास आणि आठवड्यातले सहा दिवस धरले तर पाच आठवडे लागतील. सुट्टीत रोज आठ तास दिले तर पंधरा दिवसांत हिशेब पुरा होतो. सोय पाहिली तर दुसरा मार्ग सुटसुटीत वाटेल, पण शक्य असेल तर पहिला घ्या. पंधरा दिवसांत एखाद्या विषयाचा पाठपुरावा होत नाही. ठराव झाला एवढे तुम्ही लिहाल, त्याची अंमलबजावणी झाली की नाही हे पाहायला तुम्ही तिथे नसाल. वेळेतील निम्मा भाग बातमीदारीला आणि निम्मा डेस्कला, म्हणजे कार्यालयात बसून करायच्या संपादनाला द्यावा, असे मी सांगतो. डेस्कवर बसून तालुक्यांच्या वार्ताहरांच्या बातम्या आणि प्रेसनोटा पुन्हा लिहिताना मराठी वाक्य किती लहान होऊ शकते ते कळते, आणि बाहेर गेल्यावर कोणता प्रश्न विचारायचा राहून जातो याची जाणीवही डेस्कवरच होते. रात्री परतण्याची सोय नसेल तर डेस्कचे तास संध्याकाळी लवकर संपवण्याचे आधीच ठरवा आणि ते पत्रात लिहून घ्या.

कोणते तास धरू नयेत, याबाबत मी कठोर आहे. जिल्हा कार्यालयांत वर्धापनदिनाच्या किंवा दिवाळीच्या पुरवणीसाठी बातमीदारांनाच जाहिराती आणायला सांगतात, ही उघड गोष्ट आहे, आणि ओळखीपाळखीच्या घरातील विद्यार्थी आला की त्यालाही या कामाला जुंपतात. ते काम तुम्ही करायचे की नाही हा तुमचा निर्णय. पण त्याचे तास नोंदवहीत घालू नका आणि सुरुवातीलाच नम्रपणे सांगा की विभाग ते मान्य करीत नाही. हे वाक्य विद्यार्थ्यांनी विभागाच्या नावाने बिनदिक्कत वापरावे. ज्याच्याकडे सकाळी जाहिरात मागितली त्याच्याविरुद्धची बातमी संध्याकाळी लिहिता येत नाही, आणि शिकण्याच्या वयात ही सवय लागणे मला घातक वाटते. कार्यालयाच्या समाजमाध्यमांवर दिवसभर दुवे टाकत बसण्याचे कामही एखाद्या दिवसापुरते ठीक, त्यापुढे नाही.

गुन्हे आणि न्यायालय या क्षेत्रात पाठवणार असतील तर दोन-तीन कायदे वाचून जा, कारण शिकाऊ असल्याची सबब तिथे चालत नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पीडित बालक असेल तर पोक्सो कायद्याचे कलम २३ लागू होते. नाव गाळले तरी शाळा, गल्ली किंवा नातेवाईक यांच्या उल्लेखावरून ओळख पटत असेल तर तेही त्यात येते. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची ओळख न देण्याचे बंधन बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ मध्ये आहे. लहान गावात ‘बसस्थानकामागील किराणा दुकानदाराची मुलगी’ एवढे लिहिले की सारे गाव ओळखते, हे लक्षात असू द्या.

तुमच्या स्वतःच्या सुरक्षिततेविषयीही बोलले पाहिजे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. वेतन मिळते की नाही याने फरक पडत नाही. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तर अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. जिल्हा कार्यालयात अनेकदा इतकी माणसे नसतात. अशा वेळी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत ती करावी लागते. काही घडण्याची वाट न पाहता आपल्या जिल्ह्यातील समितीचा पत्ता नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि विभागातील मार्गदर्शकांचा क्रमांक जवळ बाळगा.

इतके करूनही हे कार्यालय तयार झाले नाही तर काय? छापून येण्याची ओढ मला समजते, पण लेखी व्यवस्थेशिवाय तिथे १२० तास देऊ नका. दुसरी जागा शोधा. जिल्हा माहिती कार्यालय हा एक पर्याय आहे. तिथे शासनाची बाजू मांडायची असते, त्यामुळे ते निखळ पत्रकारितेचे प्रशिक्षण नव्हे; तरी नेमके आणि वेळेत लिहिण्याची शिस्त तिथे चांगली लागते. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारखी सामुदायिक रेडिओ केंद्रे जिथे आहेत तिथे मुलाखत, ध्वनिमुद्रण आणि संकलन हे तिन्ही एका जागी शिकता येते, आणि ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांनी त्यांचा विचार आवर्जून करावा असे मला वाटते. वृत्त संकेतस्थळ किंवा यूट्यूब वाहिनी निवडताना मात्र एक साधी तपासणी करा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार डिजिटल वृत्त प्रकाशकाने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचा संपर्क जाहीर करणे अपेक्षित आहे. संकेतस्थळावर संपादकाचे नाव, पत्ता आणि हा अधिकारी यांपैकी काहीच नसेल, तर तुमच्या नोंदवहीवर सही करणारी व्यक्ती कोण आणि चुकीची बातमी गेली तर जबाबदार कोण, या दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळणार नाही.

विद्यावेतनाचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे, म्हणून त्याविषयीही थोडे. श्रेयांक आणि मानधन या स्वतंत्र गोष्टी आहेत. मानधन मिळाले म्हणून श्रेयांक नाकारले जाऊ नयेत आणि श्रेयांक मिळतात म्हणून मानधन मागायला संकोचू नये. निदान प्रवासखर्च मागाच, विशेषतः बातमीसाठी तालुक्याला पाठवणार असतील तर. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये मिळतात असे ऐकून बरेच विद्यार्थी विचारतात. पण ती योजना शिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी आहे, तुमच्यासारख्या शिकत असलेल्यांना ती लागू होत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा: या आठवड्यात परिपत्रक वाचा, विभागाचे पत्र घ्या, मार्गदर्शकाचे नाव भरून ते परत आणा आणि मगच पहिला दिवस मोजा. प्रशिक्षण संपताना मार्गदर्शकाकडून घ्यायच्या प्रमाणपत्रात तारखा, एकूण तास आणि कामाचे स्वरूप असू द्या. ‘वर्तणूक समाधानकारक’ एवढ्यावर थांबलेले प्रमाणपत्र बहुतेक विभाग परत पाठवतात. अहवालात दैनिकाचा इतिहास सात-आठ पाने लिहिण्याची प्रथा आहे, ती सोडून द्या आणि नोंदवहीतील चार-पाच बातम्या मूळ आणि छापील प्रतींसह घेऊन त्यांतील बदलांची चर्चा करा. शेवटी, डिजिलॉकरवरून तुमचे श्रेयांक बँकेचे (एबीसी, म्हणजे मिळवलेले श्रेयांक जिथे ऑनलाइन साठवले जातात त्या नोंदीचे) खाते उघडले आहे ना आणि त्यातील नाव गुणपत्रिकेतील नावाशी जुळते ना, ते आताच पाहा. श्रेयांक त्या खात्यात तुम्हाला स्वतःला जमा करता येत नाहीत, ते विद्यापीठाकडूनच जमा होतात. त्यामुळे निकालानंतर ते दिसले नाहीत तर दैनिकाच्या कार्यालयात न जाता विभागाच्या परीक्षा समन्वयकांकडे जा आणि पत्र, नोंदवही व प्रमाणपत्र या तिन्हींच्या प्रती बरोबर न्या.